कपाटातला घोडा

या देशात, ब्रिटनमध्ये, सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. एका शाळेत लहान मुले मारली गेली, त्यानंतर कायदा झाला, आणि तो योग्य झाला. माझ्याजवळ तेव्हा नऊ मिलिमीटरचे एक पिस्तूल होते. तरुणपणी काही वर्षे मी लष्करात डॉक्टर होतो, तिथे लागलेली सवय इथे येऊन नेमबाजीच्या क्लबात पुरवीत असे. ते पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केले, पावती घेतली आणि हॉस्पिटलला गेलो. त्या दिवशी दोन रोग्यांचे खुबे बदलायचे होते.

पुढे क्लबात उरली ती हवेची पिस्तुले. इंग्लंडात त्यांना परवाना लागत नाही. जोर ठरावीक मर्यादेच्या आत असला, घेणारा प्रौढ असला आणि दुकानात स्वतः हजर राहिला म्हणजे पुरते. नऊ मिलिमीटरवरून मी साडेचारवर आलो आणि तिथेच राहिलो. साडेपाचचा छर्रा मला नेहमी आळशी वाटत आला आहे. सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी हा करमणुकीचा प्रकार आहे. साडेचारची गोळी जिथे लागते तिथे लागते. तिच्याशी वाद घालता येत नाही.

तेव्हा गोळीच्या व्यासाचा प्रश्न नव्हता. प्रश्न घडणीचा होता, आणि तो माझ्या हातांमुळे निर्माण झाला.

क्लबचे जे पिस्तूल मी वापरीत असे, त्यात हवा भरण्यासाठी एक दांडा उघडून पुन्हा मिटवावा लागतो. माझ्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे तळहाताकडे वळली आहेत. या विकाराच्या शस्त्रक्रिया मी स्वतः अनेक केल्या. माझी करून घेण्याचे वय राहिले नाही. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. गेल्या शरद ऋतूत एका गुरुवारी तो दांडा मिटेना. शेजारच्या सभासदाने हात पुढे केला, पण क्लबच्या सेक्रेटरीने नम्रपणे त्याला थांबवले. आपले हत्यार ज्याने त्याने भरायचे आणि ज्याने त्याने रिकामे करायचे, हा नियम आहे. तो नियम समितीत असताना मीच लिहिला होता. मी पिस्तूल ठेवले आणि खुर्चीवर बसून इतरांचे पाहिले.

यावर उपाय एकच होता. गॅसच्या नळकांडीवर चालणारे पिस्तूल घ्यायचे, म्हणजे हवा भरायला जोर लागत नाही. पहिल्या गोळीसाठी फक्त वरचा भाग एकदा मागे ओढावा लागतो. ते जमले तर गुरुवार राहील. न जमले तर गुरुवार संपला.

गुरुवार म्हणजे काय, ते सांगणे आवश्यक आहे.

आम्ही मिल्टन कीन्समध्ये राहतो. या गावाची आखणी मोटारीसाठी झालेली आहे. सरळ रस्ते, त्यांच्या प्रत्येक छेदावर गोल चौक, म्हणजे राउंडअबाउट, आणि घरे रस्त्यांपासून आत, झाडांमागे. मोटार असलेल्या माणसाला इतके सोयीचे गाव दुसरे नाही. माझे लायसन्स गेले. काचबिंदूने माझ्या दृष्टीचा परीघ आखडला आहे. समोरचे स्वच्छ दिसते, बाजूचे दिसत नाही. नेमबाजीला तेवढे पुरते. राउंडअबाउटला पुरत नाही. पायी जाण्यासाठी तांबड्या वाटा आहेत, परंतु त्यांवर सायकली बाजूने येतात, आणि बाजू मला नाही.

पत्नीला दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात गेला, पाय थोडा परत आला, वाचा बरीच परत आली. ती सेकंडरी शाळेत गणित शिकवीत असे. बुद्धीला काहीही झालेले नाही. काही शब्द तेवढे येत नाहीत, विशेषतः जोडाक्षरांचे. मग ती दुसरा शब्द घेते. ती वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते. मी तिचे व्यायाम घेतो, जेवण करतो, औषधे देतो. बैठकीच्या खोलीची खिडकी मागच्या कुंपणाकडे उघडते. हे आमचे घर.

गुरुवारी सकाळी गावच्या कौन्सिलतर्फे देखभालीसाठी केअरर येते, आणि माझा मित्र मला मोटारीने क्लबात नेतो. तो नागपूरचा, भूल देणारा डॉक्टर. एकाच हॉस्पिटलात आम्ही निवृत्त होईपर्यंत काम केले. तो झोपवीत असे आणि मी कापीत असे. आठवड्यातून माझे बाहेर पडणे ते एवढेच.

दांडा अडला त्याच्या पुढच्या गुरुवारी क्लबऐवजी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर हिरवे कापड पसरून दोन पिस्तुले ठेवली. दोन्ही साडेचार मिलिमीटरची, आणि दोन्ही शंभर वर्षांहून जुन्या घडणींच्या हुबेहूब नकला.

एक अमेरिकन. चौकोनी, जड, निःसंदिग्ध. वरची स्लाइड, म्हणजे सरकता भाग, सरळ मागे ओढायची. मागे घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटतो तो खटका, उघडा असतो; चढला असेल तर चढलेला दिसतो, उतरला असेल तर उतरलेला. मुठीच्या मागे एक पट्टी असते. हात नीट बसल्याखेरीज चाप हलत नाही.

दुसरे जर्मन. ही घडण मला तरुणपणापासून ठाऊक होती, हातात मात्र कधी आली नव्हती. तिला स्लाइड नाही. वर एक सांधा आहे, गुडघ्यासारखा. सरळ असताना तो कुलूप असतो. मागच्या दोन गोल मुठी चिमटीत धरून वर उचलल्या की तो मोडतो आणि पिस्तूल उघडते. मी आयुष्यभर सांधे पाहिले. इतका नेमका सांधा माणसाच्या शरीरात नाही. मूठ अशा कोनात कललेली, की हात उचलला की नळी लक्ष्याकडेच जाते. घोडा नाही. जे काही चढते ते आत, दिसत नाही.

जर्मन माझ्या हाताला पहिल्याच प्रयत्नात उघडले. अमेरिकनची स्लाइड निम्म्यावर अडकली. अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली.

"घे ना मग जर्मन," मित्र म्हणाला. "काय पाहून राहिला? हाडाचा डॉक्टर, तुझा जीव गुडघ्यातच अडकणार बे."

"अमेरिकन अधिक योग्य आहे."

"योग्य आहे, पण उघडून नाही राहिलं. जन्मभर हेच केलं तू. रोगी टेबलावर, माझी भूल उतरून राहिली, अन् हा खिळे निवडून राहिला!"

दुकानदाराला भाषा कळली नाही, प्रकार कळला. तो म्हणाला, "सावकाश ठरवा. या दोन्ही घडणी इतकी वर्षे थांबल्या आहेत, आणखी एक आठवडा थांबतील."

घरी येऊन मी पत्नीला दोन्ही सांगितली. ती ऐकते, आणि मधे बोलत नाही; वर्गात मात्र उलट असावे.

"म्हणजे घोडा घ्यायचा ठरलं," ती म्हणाली.

पिस्तूल हा शब्द तिला आता येत नाही. 'पि'पर्यंत येते आणि थांबते. परंतु तिचे वडील मुंबईत फौजदार होते. त्यांच्या घरात पिस्तुलाला घोडाच म्हणत. ज्यांना ते पकडत त्यांचा तो शब्द, घरात येऊन राहिलेला. पक्षाघाताने अलीकडचे शब्द नेले आणि माहेरचे ठेवले.

"ठेवणार कुठे?"

"कपाटात. वरच्या खणात, कुलपात."

"ठेवा. जर्मन नाजूक असेल. मला अमेरिकन बरा वाटतो."

"का?"

"विचार करून सांगेन," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

आमचा मुलगा मँचेस्टरला असतो. तो इथेच जन्मला. मराठी त्याला समजते, बोलतो आपल्या पद्धतीने. रविवारी तो आईशी फोनवर बोलतो. त्या रविवारी मी स्वयंपाकघरात होतो. तिचे बोलणे सावकाश असते, म्हणून दारातून सर्व ऐकू येत होते.

"बाबा घोडा घेतायत," ती सांगत होती. "दोन बघून आले. एक अमेरिकन, एक जर्मन... हो, घोडा... नाही रे, अजून दुकानातच आहे... इथेच ठेवणार. कपाटात. वरच्या खणात."

थोड्या वेळाने तिने फोन माझ्याकडे दिला. मी तो घेऊन स्वयंपाकघरात आलो.

"बाबा, तुम्ही एकटे आहात? ओके. मला खरं सांगा. आईची ब्रेन कसा आहे?"

"ठीक आहे."

"ठीक नाहीये. ती बोलली तुम्ही हॉर्स घेताय. जर्मन हॉर्स. आणि तो कपाटात राहणार, टॉप शेल्फवर. ती एकदम नॉर्मल व्हॉइसमध्ये बोलली, बाबा. ते जास्त स्केअरी होता."

त्याचा गैरसमज काय आहे, ते मला तत्काळ कळले. मराठी माणसाला घोडा कळला असता. निदान शंका तरी आली असती. याला एकच घोडा ठाऊक होता, चार पायांचा.

एका वाक्यात उलगडा झाला असता. ते वाक्य मी उच्चारले नाही, कारण त्याच्या मागे काय येईल तेही मला दिसत होते. मँचेस्टरला त्याच्या घराजवळ, ट्रामच्या स्टॉपपासून जवळ, वृद्धांसाठी देखभालीची घरे आहेत. दोन खोल्या, भिंतीवर घंटीची दोरी, खाली सामायिक जेवणघर. आम्ही तिथे यावे म्हणून तो वर्षभर कारण शोधत होता. मी पिस्तूल म्हणालो असतो, तर कारण मिळाले असते: दृष्टी गेलेला बाप आणि घरात हत्यार. मी गप्प राहिलो, तर कारण मिळालेच होते: आईचे डोके गेले. दोन्ही वाटा ट्रामच्या त्या स्टॉपवर जात होत्या.

"शनिवारी ये," मी म्हणालो. "फोनवर नको."

"मी येणारच आहे. मेमरी क्लिनिकचा पण चेक करतो."

पत्नीने विचारले, काय म्हणाला. शनिवारी येतो म्हणाला, असे मी सांगितले. ते खरे होते.

त्या गुरुवारी मित्राचा फोन आला; शनिवार डोक्यात होता, म्हणून त्याला नको म्हणालो. केअरर आली, मी बाहेर पडलो नाही, तेव्हा तिघेही बैठकीत बसलो. पत्नी दोनदा माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, तुम्ही इथे काय करताय?" मी पेपर वाचतो म्हणालो. तिने आणि केअररने एकमेकींकडे पाहिले. खिडकीतून कुंपण दिसत होते. मला तेवढेच दिसते. त्या दिवशी अधिक काही असावे असेही वाटले नाही.

शनिवारी मुलगा आला. त्याने फुले आणली होती आणि देखभालीच्या घरांचे एक रंगीत ब्रोशर. ब्रोशर त्याने फ्रिजवर ठेवले, मला दिसेल असे. चहा झाला. मग तो आईसमोर स्टूल घेऊन बसला. आवाज त्याने इतका मऊ केला होता की मलाच तो सहन होईना.

"आई, मी काही क्वेश्चन्स विचारू? फन म्हणून. आज कुठला डे आहे?"

"शनिवार. तू आलास म्हणजे शनिवार. तुला का गरज पडली रे, ऑफिसात कॅलेंडर देत नाहीत?"

"गुड. आता हंड्रेडमधून सेव्हन मायनस, परत सेव्हन मायनस, असं करत जायचा."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिले. त्या नजरेखाली इथल्या मुलांची एक पिढी गणित शिकली आहे. मग तिने सुरुवात केली. सावकाश, प्रत्येक आकडा ओठांनी घडवत. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. जोडाक्षरांवर ती अडखळली, पण वळसा घेतला नाही. चाळिशीच्या आत येताच मुलगा म्हणाला, "इनफ आई, ओके." ती थांबली नाही. दोनपर्यंत आली, आणि पुढे म्हणाली, "उणे पाच. उणे बारा. कुठे थांबायचं ते सांग, नाहीतर जेवणाला उशीर होईल."

मुलाचा चेहरा सैल झाला नाही. तो पुढे झुकला.

"आई, आणि... घोडा कुठे आहे?"

"दुकानात. सांगितलं ना तुला. बाबांचं ठरत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी होते. माझा मुलगा चाळिशी ओलांडलेला आहे आणि मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या लोकांवर अधिकारी आहे.

पत्नीनेही माझ्याकडे पाहिले. तिच्या लक्षात तेव्हा आले. प्रथम त्याचा गैरसमज, मग माझे गप्प राहणे.

"अहो," ती म्हणाली. "सांगा की त्याला."

मी म्हणालो, "घोडा म्हणजे पिस्तूल. तुझे आजोबा फौजदार होते, त्यांच्या घरातला शब्द. हवेचे पिस्तूल. क्लबसाठी."

"पिस्टल?"

"होय. तुझ्या आईची बुद्धी शाबूत आहे. तुझे मराठी कच्चे आहे."

तो हसू लागला, आणि हसता हसता थांबला.

"वेट. म्हणजे हे वर्स आहे, बाबा. तुम्हाला साइडचा दिसत नाही, आणि तुम्ही घरात गन आणणार? आई इथे असताना? हॉर्स परवडला असता!"

मी जे आठवडाभर ओळखून होतो ते अक्षरशः तसे घडत होते. तो उठला आणि फ्रिजवरचे ब्रोशर घेऊन आला. दोन खोल्यांची चित्रे होती. एका चित्रात एक वृद्ध जोडपे खिडकीपाशी उभे होते, आणि खिडकीतून ट्राम दिसत होती. तो बरेच बोलला. त्यातले कोणतेही वाक्य चुकीचे नव्हते.

पत्नीने डाव्या हाताने वॉकरवर टकटक केली. वर्ग शांत करण्याची तिची पद्धत.

"मला कुणी विचारलं?"

मुलाने ब्रोशर मांडीवर ठेवले.

"यांचा गुरुवार गेला," ती मुलाला म्हणाली, "तर हे सातही दिवस माझ्यासमोर बसतील. माझे व्यायाम मोजतील. मी पाणी किती प्यायले ते बघतील. या गुरुवारी बसले होते. मला गुदमरलं." ती श्वास घेण्यासाठी थांबली. "गुरुवारी ती मुलगी येते, आम्ही पत्ते खेळतो, ती मला तिच्या नवऱ्याच्या भानगडी सांगते. मी बिस्किटं खाते. डब्यातली, जी यांनी लपवलेली असतात. गुरुवार यांचा नाही. गुरुवार माझा आहे."

मी तिच्याकडे पाहिले. हे मला ठाऊक नव्हते. आपण कोंडलेले आहोत एवढे मला कळत होते. तिच्यापुरते बंद दार मीच आहे, हे कळले नव्हते.

"आणि ते तुझ्या चित्रातलं घर," ती पुढे म्हणाली, "त्यात दोनच खोल्या आहेत. मी मोजल्या. तिथे हे कुठे जातील?"

"पण गन, आई."

"मी फौजदाराची मुलगी आहे. जेवायला बसण्याआधी माझे बाबा घोडा फडताळात ठेवत, तेव्हा तो उतरलाय की नाही ते मी बघायची. ते काम माझं होतं." ती माझ्याकडे वळली. "म्हणून अमेरिकन. त्याचा घोडा बाहेर आहे. मला इथून, खुर्चीतून दिसला पाहिजे. ज्याचा दिसत नाही तो या घरात नको. कितीही छान गुडघा असो."

"अमेरिकन मला उघडता येत नाही," मी म्हणालो. ते मला मुलासमोर म्हणावे लागले.

"शिका," ती म्हणाली. "मी डाव्या हाताने जेवायला शिकले."

मुलगा जेवून निघाला. दारात म्हणाला, "उन्हाळ्यापर्यंत बघू, बाबा. मग परत डिसाइड करू." ब्रोशर त्याने नेले नाही. फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवले.

पुढच्या गुरुवारी मी अमेरिकन घेतले. दुकानदाराने जर्मन पुन्हा एकदा काउंटरवर ठेवले होते. मी त्याचा सांधा एकदा मोडला, सरळ केला, आणि परत दिले. मित्र म्हणाला, "वहिनींनी निवडलं म्हणजे आता खिळे निवडत नाही बसणार तू. चल, चहा पाज."

स्लाइड ओढायची नसते, हे मी क्लबात शिकलो. पिस्तूल छातीजवळ आणायचे, नळी समोर लक्ष्याकडे ठेवून. डावा तळवा स्लाइडवर आडवा ठेवायचा, अंगठ्याला काम द्यायचे नाही, आणि उजव्या हाताने खालचा भाग पुढे ढकलायचा. खांद्याचा जोर खुबे बदलणाऱ्या माणसाजवळ शिल्लक असतो. पहिल्या दिवशी ते अनेकदा फसले. सेक्रेटरी माझ्या मागे उभा होता आणि खिडकीबाहेर पाहत होता. कुणीही हात पुढे केला नाही. शेवटी स्लाइड मागे गेली आणि घोडा चढला. मी नेम धरला. ज्यांना बाजू दिसते त्यांना लक्ष्याशिवाय इतर पुष्कळ दिसत असावे. मला फक्त ते वर्तुळ दिसत होते.

आता गुरुवारी दुपारी मी घरी येतो तेव्हा केअरर निघालेली असते. टेबलावर पत्ते असतात. बिस्किटांच्या डब्याचे झाकण नीट बसलेले नसते. मी ते बसवतो, आणि त्याविषयी बोलत नाही. पेटी उघडून पिस्तूल तिच्या समोर धरतो, नळी भिंतीकडे करून. ती चष्मा सारखा करते आणि घोड्याकडे पाहते. घाई करीत नाही.

"उतरलाय," ती म्हणते. "ठेवा."

मी ते कपाटात, वरच्या खणात ठेवून कुलूप लावतो. किल्ली तिच्याकडे असते. फ्रिजवरच्या चित्रातली ट्राम स्टॉपवर उभी आहे. मग मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतो आणि आम्ही खांद्याच्या व्यायामापासून सुरुवात करतो.